शेपटीवरचा लाल दिवा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्यासोबत एका हँगरमध्ये वर्षानुवर्षं डबा खाल्ला त्यांनाही नाही. त्या विमानाची बॅटरी करुणा रामटेकेनं उतरवली नव्हती. ती मी उतरवली होती.

ऐकायला हे काही मोठं वाटत नाही. बॅटरी स्कूटरची उतरते, ट्रॅक्टरची उतरते. चार जण धक्का मारतात, गाडी सुरू होते, लोक विसरतात. विमानाचं तसं नसतं. आणि माणसाचंही तसं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

मी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर आहे. विमान उडवतो तो पायलट. हे विमान उडवण्यालायक आहे अशी सही करतो तो आमच्यासारखा माणूस. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला मी गोंदिया जिल्ह्यात एका छोट्या फ्लाइंग स्कूलमध्ये नोकरीला होतो. धावपट्टी, विमानं ठेवायचं पत्र्याचं हँगर, तीन जुनी एका इंजिनाची विमानं, आणि कुंपणापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मुलं बहुतेक बाहेरची. दिल्ली, हैदराबाद, एक-दोन पुण्याची. स्कूलची भाषा हिंदी आणि इंग्रजी. करुणा एकटीच जिल्ह्यातली, अर्जुनी मोरगावची. वडील एसटीत ड्रायव्हर. स्कॉलरशिपवर आली होती.

आता मास्टर स्विचबद्दल सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

छोट्या विमानात पायलटच्या डाव्या हाताला एक लाल स्विच असतो. तो मास्टर. तो दाबला की पोटात कुठंतरी ‘टक्’ असा आवाज येतो आणि बॅटरी विमानाला जोडली जाते. त्यानंतर स्टार्टर चालतो, रेडिओ चालतो, दिवे लागतात. पण एकदा इंजिन सुरू झालं की त्याला बॅटरी लागत नाही. ठिणगी पाडायला इंजिनावर स्वतःची मॅग्नेटो असते, जुन्या मोपेडला असायची तशी. म्हणजे इंजिन आणि बॅटरी यांचे संसार वेगळे. इंजिन बंद केलं तरी बॅटरी आपोआप तुटत नाही. मास्टर वेगळा बंद करावा लागतो. आणि इंजिन थांबलं, पंखा थांबला, कान मोकळे झाले की माणसाला वाटतं, झालं, संपलं. तो हेडफोन काढतो, घाम पुसतो, उतरून जातो. मास्टर तसाच राहतो. सकाळी बॅटरी मेलेली.

विमानाची बॅटरी पूर्ण उतरली की नुसती चार्ज करून परत लावता येत नाही. ती बाहेर काढायची, सावकाश चार्ज करायची, मग तिच्यावर लोड टाकून ती किती वेळ तग धरते ते पाहायचं. हवेत जनरेटर बंद पडला तर रेडिओ तिच्यावरच चालणार असतो. या सगळ्याला वीज लागते, आणि आमच्याकडे त्या वर्षांत वीज दिवसभरात असायची त्याहून जास्त वेळ नसायची. उन्हाळ्यात तर उडायला सकाळचा थोडा वेळच मिळायचा. ऊन चढलं की हवा अशी उसळते की शिकणाऱ्या पोराला विमान सांभाळत नाही. मग थेट संध्याकाळ. एक बॅटरी मेली की त्या विमानाचे दोन-तीन दिवस गेले.

मी याला वैतागलो होतो. पोरं स्विच विसरायची. सकाळी जो पहिला जायचा तो गुपचूप मास्टर बंद करायचा आणि वर मलाच विचारायचा, “सर, बॅटरी वीक है क्या?” एक दिवस मी चीफ इन्स्ट्रक्टरकडे गेलो. त्यांना आम्ही कॅप्टन साहेब म्हणायचो. फौजेतून निवृत्त, उंच, बोलणं तोडून.

“सर, सांगून होत नाही,” मी म्हणालो. “शिक्षा लावा. ज्यानं विमान शेवटचं उडवलं त्याचा स्विच. त्याचं सोलो बंद.”

“थोडा सख्त नहीं है, बोरकर?”

“सर, बॅटरी फुकट येत नाही.”

त्यांनी दुसऱ्या दिवशी बोर्डावर लिहिलं. मास्टर ऑन सापडला तर शेवटच्या पायलटचं सोलो, म्हणजे एकट्यानं उडणं, एक महिना बंद.

नियम माझा होता. हे नीट लक्षात ठेवा. मी स्वतःही ठेवतो.

आता त्या दुपारचं.

विमानात एडीएफ नावाचं एक यंत्र असायचं. जमिनीवरचं रेडिओ स्टेशन कोणत्या दिशेला आहे ते त्याची सुई दाखवते. स्टेशनचा आकडा लावायचा, सुई तिकडे वळते, पायलट सुईच्या मागं जातो. गंमत अशी की हे यंत्र साध्या मीडियम वेव्ह रेडिओचीही स्टेशनं पकडतं. नागपूरच्या रेडिओचा आकडा लावला की सुई पश्चिमेला वळायची आणि स्पीकरमधून शेतकऱ्यांचे कार्यक्रम, गाणी, बातम्या सगळं ऐकू यायचं. मी ग्राउंड क्लासमध्ये पोरांना हे शिकवायचो. “समजा हवेत सगळं विसरलात, तर नागपूरचा रेडिओ लावा. गाणी ऐकत ऐकत नागपूरला पोहोचाल.” पोरं हसायची. करुणा पहिल्या बाकावर बसायची. ती आकडा लिहून घ्यायची.

जे शिकवायचो तेच मी चोरून करायचो. भारताची मॅच असली आणि लाइट गेलेली असली की दुपारी मी मागच्या कोपऱ्यातल्या चार सीटच्या विमानात जाऊन बसायचो. मास्टर ऑन, एडीएफ ऑन, आवाज बारीक. थोडा वेळ ऐकायचं, बंद करायचं. थोड्या वेळानं बॅटरीला काही होत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? हँगरमध्ये दुपारी चिटपाखरू नसायचं.

मे महिना होता. त्या सकाळी करुणा इन्स्ट्रक्टरसोबत त्याच विमानात शेवटची सराव-फेरी मारून आली होती. दुसऱ्या दिवशी तिचं पहिलं सोलो ठरलं होतं. सोलो म्हणजे शेजारी इन्स्ट्रक्टर नाही. विमानात एकटं जायचं, एक फेरी मारायची, एकट्यानं उतरायचं. पायलटच्या आयुष्यात तो दिवस एकदाच येतो. लोक त्याची तारीख पोराच्या वाढदिवसासारखी लक्षात ठेवतात.

दुपारी लाइट गेली. मॅच रंगात होती. मी कोपऱ्यातल्या विमानात जाऊन बसलो. सुई पश्चिमेला, कॉमेंटेटरचा आवाज बारीक. थोड्या वेळानं आवाजात खरखर सुरू झाली. आणि सुई हलली. नागपूर सोडून ती उत्तरेकडे सरकली, परत आली, परत तिकडेच गेली. एडीएफचा हा जुना स्वभाव. जवळ वीज कडाडत असली की सुई स्टेशन सोडते आणि विजेकडे बघते. मी मान वर केली. हँगरच्या दारातून दिसलं, बालाघाटकडचं आभाळ मातीच्या रंगाचं झालेलं.

बाहेर एक विमान उभं होतं. नुसत्या दोरीनं बांधलेलं.

मी एडीएफचं बटण फिरवून ते बंद केलं आणि उडी मारून पळालो. सुकराम, आमचा चौकीदार, दुसऱ्या बाजूनं धावत आला. आम्ही विमान आत ढकललं तोवर आंधी येऊन आदळली. हँगरचे पत्रे असे वाजत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. दार ओढून घेतलं, दगड लावले. एका विमानाचा पंख कपाटाला घासता घासता वाचला. डोळ्यांत, दातांत माती. संध्याकाळचं फ्लाइंग रद्द झालं. मी घरी जाऊन अंघोळ केली आणि आपण आज एक विमान वाचवलं या समाधानात झोपलो.

मास्टर बंद केला नव्हता.

एरवी कळलं असतं. मास्टर चालू असला की एक यंत्र आतल्या आत बारीक घुमत राहतं. शांत हँगरमध्ये ती गुणगुण ऐकू येते. पण त्या दिवशी पत्रे वाजायचे थांबले तेव्हा मी निघून गेलो होतो.

सकाळी पोहोचलो तर दारात खाकी कपड्यातला एक माणूस उभा. हातात स्टीलचा डबा.

“रामटेके,” तो म्हणाला. “करुणाचा बाप. पहाटेच्या गाडीनं आलो जी. पोरगी आज एकटी उडवणार म्हने.”

“हो, आज तिचं सोलो आहे. या, इकडे सावलीत बसा.”

“बसत नाही. उभाच राहतो. बसलो तर दिसनार नाही मले.”

रजा एकाच दिवसाची होती. डब्यात लाडू होते, उतरल्यावर वाटायला. त्यांनी हात मागे बांधून विमानाकडे पाहिलं, आणि एसटीच्या सवयीनं पहिल्यांदा टायर पाहिले.

मी आंधीत बाहेर राहिलेल्या विमानातली माती काढत होतो. करुणा कोपऱ्यातल्या विमानात चढली. उडण्याआधी पायलट मास्टर लावून पेट्रोलचे काटे बघतो. तिनं हात नेला आणि थांबली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून मोठ्यानं म्हणाली, “सर, मास्टर ऑनच आहे. काही लागत नाही.”

एवढं ऐकलं आणि मला सगळं आठवलं. सुई, आभाळ, उडी. हातातला फडका हातातच राहिला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ती पोरगी गुपचूप स्विच बंद करू शकली असती. दहातल्या नऊ जणांनी केलं असतं. बॅटरी कमजोर निघाली, इंजिनिअर बघून घेईल. शिक्षा तिलाच होणार हे तिला माहीत होतं, बाप दारात उभा होता. तरी तिनं जे दिसलं ते तसंच सांगितलं.

कॅप्टन साहेब आले. “लास्ट किसने उड़ाया?”

“मैंने सर. लेकिन मैंने ऑफ किया था.”

“तो फिर ऑन किसने किया? भूत ने?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “बोरकर, कल दोपहर को किसी ने हाथ लगाया था इस एअरक्राफ्ट को?”

“नो सर,” मी म्हणालो.

दोन शब्द. विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. वेळ होता. मी नोकरीचा विचार केला. लायसनचा केला. सही करणारा माणूस विमानात बसून मॅच ऐकतो, हे बाहेर गेलं तर काय होईल याचा केला. तिचा तेवढा केला नाही.

साहेबांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. “रूल इज रूल. वन मंथ.”

रामटेकेंना हिंदी येत होती, पण नक्की काय झालं हे कळलं नाही. ते माझ्याजवळ आले. “का झाला जी?”

“बॅटरी उतरली.”

“मंग धक्का मारून चालू होत नाही का? मी लावतो ना हात. आमची गाडी तं रोज धक्क्यावरच राहते.”

पोरं हसली. मी हसलो नाही. कोणीतरी त्यांना सांगितलं की तुमची मुलगी स्विच बंद करायला विसरली. त्यांचा चेहरा बदलला. सगळ्यांसमोर ते तिला म्हणाले, “एक बटन बंद करनं होत नाही तुले? अन् विमान चालवतं?”

“मी बंद केली होती बाबा.”

“मंग हे सायेब का खोटे बोलून राहिले का?”

ते डबा तसाच घेऊन परत गेले. जाताना माझ्यापुढे हात जोडले. “सांभारून घ्या जी तिले. घरी नाही विसरत ते. इथंच काऊन विसरली, का मालूम.”

सगळे पांगल्यावर मी विमानात शिरलो. एडीएफवरचा आकडा मला बदलायचा होता. त्या जुन्या यंत्रात आकडे घड्याळासारखे चाकांवर असतात, वीज गेली तरी जागेवर राहतात. नागपूरच्या रेडिओचा आकडा तिथं असणार होता. नव्हता. रोज शिकवण्यासाठी लावतो तोच आकडा होता. मला वाटलं, पळताना मीच फिरवला असेन. सुटलो, असं वाटलं. माणूस कोणत्या वेळी कशाचा आनंद मानेल, काही सांगता येत नाही.

पुढचा महिना करुणाला जमिनीवरची कामं मिळाली. परतणाऱ्या विमानांना हातानं खूण करून जागेवर आणायचं, चाकांना ठोकळे लावायचे. पोरं टोमणे मारायची. “मास्टरनी आई!” असं एक जण म्हणायचा. हिंदीत त्याचा अर्थ, मास्तरीणबाई आल्या. तीही हसायची. रडली असती तर मला कदाचित बोलता आलं असतं. पण ती रडली नाही, ती बघत राहिली.

एके सकाळी ब्रीफिंगमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या बैठकीत, तिनं हात वर केला. “सर, एक सजेशन आहे. मास्टर के बारे में.”

पोरांत खसखस पिकली. साहेब म्हणाले, “बोलो. एक्सपर्ट हो तुम.”

ती उभी राहिली. विमानाच्या शेपटीवर सगळ्यात उंच जागी एक लाल दिवा असतो, बीकन. इंजिन सुरू करताना तो लावतात. तो लुकलुकू लागला की आसपासच्या माणसांनी समजायचं, लांब राहा, पंखा फिरणार आहे. विमान बंद करताना बाकीच्या स्विचांसोबत त्याचाही स्विच बंद करतात. तिचं म्हणणं एवढंच की तो बंद करूच नये. बीकनचा स्विच कायम ऑन सोडायचा. मास्टर बंद केला की बीकनला वीजच मिळणार नाही, दिवा आपोआप विझेल. आणि कोणी मास्टर विसरला तर शेपटीवर लाल दिवा लुकलुकत राहील. उतरून दहा पावलं गेलेल्या माणसाला दिसेल. त्याला नाही दिसला तर दुसऱ्याला दिसेल.

“चेकलिस्ट क्या कहती है?” साहेब म्हणाले. “ऑल स्विचेस ऑफ.”

“बीकन को छोड़कर, सर.”

“और दिया जलेगा तो बैटरी और जल्दी मरेगी. सोचा है?”

“हाँ सर. जल्दी मरेगी. लेकिन दिखके मरेगी.”

आधी खोली हसली. साहेबही हसले, मिशीतल्या मिशीत. मग त्यांनी मला विचारलं, “बोरकर, इंजिनिअरिंग को कोई दिक्कत?”

मी लगेच बोललो नाही. तांत्रिक अडचण काहीच नव्हती. इतकी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत सुचली नाही याचंच आश्चर्य वाटत होतं. मी पोरांना ‘विसरू नका, विसरू नका’ म्हणत राहिलो, वर शिक्षा लावली. तिनं मान्य केलं की माणूस विसरणारच, आणि मग विचार केला. पण मी थांबलो त्याचं कारण वेगळं होतं. बीकन कायम ऑन म्हणजे दुपारी मी मास्टर लावला की शेपटीवरचा दिवा सगळ्या हँगरला सांगणार, आत कोणीतरी बसलाय. माझी मॅच संपली.

करुणा माझ्याकडे बघत नव्हती. ती बोर्डाकडे बघत होती.

“नो प्रॉब्लेम सर,” मी म्हणालो.

सुरुवातीला पोरांना कटकट वाटली. मग सवय झाली. उतरून चालू लागलं की एकदा मागे वळून शेपटीकडे पाहायचं. सुकरामलाही करुणानं समजावलं. हँगरला कुलूप लावण्याआधी एक नजर टाका, लाल दिवा दिसला तर सांगा.

आणि पहिला कोण सापडावा? स्वतः कॅप्टन साहेब.

एका संध्याकाळी ते एका पाहुण्याला फेरी मारून आणत होते. इंजिन बंद करता करता फोन वाजला. ते फोनवर बोलत बोलतच ऑफिसात आले, खुर्चीत बसले, चहा मागवला. मी तिथंच होतो, करुणा नकाशे लावत होती. दारात सुकराम आला. आधी खाकरला.

“सायेब, तुमचा विमान डोरा मारून राह्यला जी.”

“क्या?”

“डोरा मारून राह्यला. कवापासून.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. करुणा नकाशावरून मान न उचलता म्हणाली, “सर, वो कह रहे हैं, आपका प्लेन आँख मार रहा है.”

त्या उंच माणसाला मी पहिल्यांदा पळताना पाहिलं.

दुसऱ्या सकाळी ब्रीफिंगला त्यांनी खडू घेतला आणि बोर्डावर स्वतःचं नाव लिहिलं. त्यापुढे, सोलो एक महिना बंद. पोरांना हसावं की नाही कळेना. ते वळले.

“मैंने कल मास्टर छोड़ा. तीस साल से उड़ा रहा हूँ. अगर मैं छोड़ सकता हूँ, तो ये रूल बकवास है.” त्यांनी तो नियम, आपल्या नावासकट, फडक्यानं पुसला. “आज से, जिसको लाल बत्ती दिखे, वो ऑफ करेगा. किसने छोड़ा, कोई नहीं पूछेगा. रामटेके, तुम्हारा बैन खत्म.” मग खोलीकडे पाहून म्हणाले, “और किसी को कुछ कहना है?”

त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं. मला वाटलं मलाच विचारलं. त्या माणसानं एका रात्रीत जे केलं त्याच्या निम्मं करायची मला तिथं बसल्या जागी संधी होती. शिक्षाही उरली नव्हती. मी खुर्चीच्या हातावरचा रंग नखानं खरवडत बसलो.

करुणाचं सोलो पावसाळ्याच्या तोंडावर झालं. विमान छान उतरवलं तिनं. चाकं टेकली ते लांबून कळलंही नाही. जागेवर आली, इंजिन थांबलं, आणि शेपटीवरचा दिवा विझला. तो विझताना मी पाहत होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रिवाजाप्रमाणे तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. दारात खाकीतला माणूस नव्हता. त्यांना पुन्हा रजा मिळाली नव्हती. त्या दिवशी ते साकोली फेरीवर होते.

ओल्या कपड्यांत तिनं मला फोन मागितला. तिचा भिजू नये म्हणून आत ठेवला होता. मी माझा दिला. बस कुठल्याशा थांब्यावर उभी असावी, मागून कंडक्टरची घंटी ऐकू येत होती. स्पीकर चालू नव्हता, पण ड्रायव्हर लोक फोनवर ओरडूनच बोलतात.

“बाबा, झाला. एकटी उडवली.”

पलीकडून आवाज आला, “बटन बंद केली का?”

ती हसली. “केली बाबा.”

मी तिथून दूर गेलो.

तिचं शिक्षण संपलं त्या दिवशी ती सगळ्यांना भेटत भेटत माझ्याकडे आली. मी इंजिनखाली होतो. हात पुसत बाहेर आलो. ती म्हणाली, “सर, तुम्ही खूप शिकवलं.” मी नेहमीचं बोललो, काळजी घे, चेकलिस्ट सोडू नको. जायला वळली आणि थांबली.

“सर, त्या आंधीच्या दिवशीची मॅच कोण जिंकलं?”

मला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्या सकाळी विमानात पहिली ती बसली होती. तिनं लाल स्विच पाहिला, तसे एडीएफवरचे आकडेही पाहिले होते. नागपूरच्या रेडिओचा आकडा तिनं माझ्याच क्लासमध्ये पहिल्या बाकावर लिहून घेतला होता, आणि आदल्या दुपारी मॅच होती, त्या वेळी हँगरमध्ये माझ्याशिवाय कोणी नसतं, हेही तिला ठाऊक होतं. बॅटरी कोणी उतरवली हे तिला बाप दारात उभा असतानाच माहीत होतं. साहेब यायच्या आधी तिनं आकड्यांची चाकं फिरवून नेहमीचा आकडा जागेवर आणला होता. मी ‘नो सर’ म्हणालो तेव्हा ती माझ्याकडे पाहत होती.

“माहीत नाही,” मी म्हणालो. ते खरंच होतं. आंधीनंतर मी स्कोअर विचारलाच नव्हता.

“मलाही नाही,” ती म्हणाली. “जयभीम सर.” आणि गेली.

तिनं मला का वाचवलं, मी विचारलं नाही. आकडा दाखवून ती एका मिनिटात सुटली असती. कदाचित तिनं माझी नोकरी पाहिली. कदाचित जिल्ह्यातली एकटी पोरगी सरांकडे बोट दाखवते, मग काय होतं, हा हिशोब तिनं माझ्याआधी केला होता. एवढं मात्र खरं की ज्या माणसानं तिला अडकवलं, त्याला पुन्हा चूक करताच येऊ नये अशी सोय तिनं त्याच महिन्यात केली, आणि त्याच माणसाकडून ‘नो प्रॉब्लेम’ म्हणवून घेतलं. मी बरेच इंजिनिअर पाहिले आहेत. इतकं नेमकं काम कमी पाहिलं.

त्यानंतर मी तिथं होतो तोवर एकही बॅटरी स्विच विसरल्यामुळं मेली नाही. विसरणं चालूच होतं. दर थोड्या दिवसांनी कुठलंतरी विमान डोळा मारायचं आणि कोणीतरी जाऊन बंद करायचा. पुढे मी दुसऱ्या शहरात गेलो. तिथंही पहिल्या आठवड्यात बीकन ऑन ठेवायला लावलं. ‘कोणाची आयडिया?’ म्हणून विचारतात तेव्हा मी करुणाचं नाव सांगतो. तेवढं सांगतो.

धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच. माणसाला विसरू नको म्हणून सांगण्यात वेळ घालवू नये. विसरला तर लांबून दिसेल असं करावं. आणि बघणाऱ्याला नाव विचारायची हौस नसावी.

करुणा आता मोठी विमानं उडवते. त्यांत असले स्विच विसरायला वावच नसतो. मध्ये एकदा तिचा फोन आला होता. म्हणाली, बाबा रिटायर झाले, अर्जुनीलाच असतात. अजूनही प्रत्येक फ्लाइटनंतर तिनं घरी फोन केला की ते पहिला प्रश्न तोच विचारतात. बटन बंद केली का? घरात आता तो विनोद झाला आहे. ती फोनवर खूप हसली. मीही हसल्यासारखं केलं.

रामटेकेंना एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहिली आहे. त्या सकाळी त्यांची मुलगी खरं बोलत होती. बटण तिनं बंद केलं होतं. हे मी अर्जुनीला जाऊन, त्यांच्या समोर बसून सांगायला हवं. मी अजून गेलेलो नाही.